धनविद्येचा गुरु

अध्यात्माला गुरु, गायनाला गुरु, मल्लविद्येलाहि गुरु; पण जमीनजुमला घ्यावयाचा तर घरांतील वडीलधारीं माणसें, गांवचे चार शेजारी आणि कुलकर्ण्याचें दप्तर एवढ्यांवर आमच्या वाडवडिलांचें काम भागे. आतां काळ पालटला आहे. पगारांतून चार पैसे शिल्लक टाकणारा गृहस्थ पुढें भाव वाढेल या आशेनें शहराबाहेर एखादा भूखंड घेऊं पाहतो, आणि या अपरिचित रानांत वाट दाखविणारा कोणी भेटेल काय, म्हणून शोधूं लागतो. ही इच्छा आम्हांस निंद्य वाटत नाहीं. न कळणाऱ्यानें कळणाऱ्यास विचारावें, यांत कमीपणा कसला? प्रश्न एवढाच कीं, आपण जातों तें शिकण्यासाठीं, कीं मनांत झालेला निश्चय दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासाठीं?

येथें आमचा स्वतःचा अनुभव सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. कांहीं वर्षांपूर्वी एक भूखंड आमच्या मनांत भरला. शेजारीं एक निवृत्त मोजणीदार राहतात. सातबारा घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं तो उतारा दोनदां वाचला, ‘भोगवटादार वर्ग २’ या शब्दांवर बोट ठेविलें आणि म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, ही सरकारनें अटींवर दिलेली जमीन. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हातीं येईपर्यंत एक पैसा देऊं नका. जुने फेरफार मागवा. मग आपण दोघे बसून वाचूं.”

आम्ही आभार मानिले आणि मनांतून रुसलों. पुढल्याच आठवड्यांत फी भरून एका हॉटेलांत दुसऱ्या एका गृहस्थांचें व्याख्यान ऐकिलें. त्यांनीं आमच्या कागदाकडे पाहिलेंहि नाहीं. “अशा परवानग्या रोज येतात, संधि मात्र रोज येत नाहीं,” एवढेंच ते म्हणाले. आम्ही विसार दिला. परवानगी आली नाहीं, विसारहि परत आला नाहीं; आणि त्या गृहस्थांस विकणाऱ्याकडून वाटा मिळत असे, हें मागाहून समजलें.

त्यांस दोष देणें सोपें आहे. पण खरें पाहतां एकानें आम्हांस विद्या देऊं केली होती, दुसऱ्यानें संमति. आणि आम्ही संमति पत्करिली. आमच्या लोभानें आपल्यासाठीं एक वकील शोधिला आणि आम्ही त्यास गुरु म्हटलें.

कोणी म्हणेल, मोजणीदार स्वतः कोठें धनवान् झाले? मग त्यांस गुरु कसें मानावें? परंतु एखाद्याची श्रीमंती त्यास लाभ झाला एवढेंच सांगते; तो विवेकानें झाला कीं चढत्या भावाच्या लाटेनें, हें सांगत नाहीं. याहून दुसरी कसोटी आम्हांस खरी वाटते: ‘घेऊं नका’ असें म्हणण्यानें या माणसाचें कांहीं बुडतें काय? दलाली किंमतीच्या शेंकड्यावर ठरते आणि व्यवहार झाला तरच मिळते. दलालांतहि सचोटीचीं माणसें आहेत. पण नकार देतांना त्यांस स्वतःची मिळकत सोडावी लागते, हें विचारणाऱ्यानें विसरूं नये.

शिवाय या विद्येंत गुप्त मंत्र असा फारसा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत घराची विक्री शेजाऱ्यांसमक्ष पुकारून व्हावी असा दंडक आहे. आजहि बरेंचसें ज्ञान उघड्यावरच आहे. केवळ कुलमुखत्यारपत्रानें जमिनीची मालकी मिळत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें. करार नोंदविण्यापूर्वी विकासकानें किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊं नये, असें २०१६ चा स्थावर संपदा कायदा सांगतो. २०१७ पासून महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांची माहिती घरबसल्या पाहतां येते. जो हे कागद वाचावयास शिकवील तो गुरु. जो ते मिटून ठेवावयास सांगेल तो कितीहि मोठा असो, त्यास दुरूनच नमस्कार करावा.

तरीहि शेवटचा निर्णय गुरूवर सोंपवितां येत नाहीं. बुडालेली रक्कम आमची एकट्याची नव्हती. तींत मुलीच्या शिक्षणाचे पैसे होते. घरीं विचारणा झाली तेव्हां “त्यांनीं सांगितलें म्हणून दिले,” असें उत्तर आम्ही दिलें. वर्गांत जें उत्तर आम्ही जन्मभर कोणा विद्यार्थ्याचें स्वीकारिलें नाहीं, तेंच स्वतःच्या तोंडून ऐकतांना मान खालीं गेली. गुरूनें डोळे द्यावे, पण पाहावयाचें आपणच. आणि पाहिलें नाहीं तर ठेंचेचा दोषहि आपलाच मानावा.