हिरवे ठिपके

उत्तर इथिओपियात उंचावरून खाली पाहिलं, तर तपकिरी शेतांमध्ये हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक चर्च असतं. भोवतालचं जंगल शेतीसाठी, सरपणासाठी तुटत गेलं. चर्चभोवतीचं मात्र श्रद्धेनं राखलं. आता तिथले धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ एकत्र येऊन गावाला जंगलाचं मोल समजावतात. गुरं आत शिरू नयेत म्हणून गावकरी शेतातलेच दगड वेचून गडगा रचतात. आत कोवळी रोपं पुन्हा जीव धरतात.

आपल्या सह्याद्रीतल्या देवरायाही हेच शिकवतात: देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावू नये. ऋतू बिघडत चाललेत. अशा वेळी देवराईची सीमा आपल्या अंगणापर्यंत आणू या. आज घरातल्या मुलांना दारातल्या एका झाडाची ओळख करून देऊ या.