भ्रमनिरासाचे भांडवल

अद्भुतरम्य साहित्यात, म्हणजे ज्या कथांतील राज्ये, राजघराणी आणि दैवी शक्ती लेखकाने स्वतः कल्पिलेल्या असतात त्या साहित्यात, भ्रमनिरास झालेला योद्धा हा आता एक ठरीव पात्रप्रकार झाला आहे. राजावर, शपथेवर आणि शौर्यधर्मावर एके काळी त्याची श्रद्धा होती. ती तुटली, पण हातातील तलवार आणि अंगातील कसब तसेच राहिले, अशी त्याची थोडक्यात ओळख सांगता येते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 1996 पासून प्रसिद्ध होत गेलेल्या कादंबरीमालेतील सँडर क्लेगेन हा असाच योद्धा असून, नाइटपदाचा ढोंगीपणा जवळून पाहिल्यामुळे तो ‘सर’ ही पदवी स्वतःला लावून घेत नाही. 1974 मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने तर पात्राचे बळ, चपळाई, शहाणपण इत्यादी क्षमता आकड्यांत मांडण्याची रीतच पाडली, आणि त्यामुळे क्षमता एका रकान्यात व स्वभाव दुसऱ्या रकान्यात लिहिण्याची सवय वाचकांना व लेखकांनाही जडली. या विभागणीमागे एक गृहीत दडलेले आहे: कसब ही योद्ध्याची खाजगी मालमत्ता असते आणि म्हणून श्रद्धा गेली तरी तो एकटा, कोणाचाही मिंधा न होता, वाटेल तिकडे जाऊ शकतो. हे गृहीत कितपत टिकते, हे तपासण्यासाठी भीमा आणि नीरा या नद्यांमधला इंदापूर-बारामतीचा मुलूख फार उपयोगी पडतो, कारण योद्ध्यांचे कसब प्रत्यक्षात कशावर उभे असते हे तेथील इतिहासात आणि तेथे रचल्या गेलेल्या काव्यात सारख्याच स्पष्टपणे दिसते.

निजामशाहीच्या सेवेत असलेले मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, असे परमानंदाच्या ‘शिवभारता’त सांगितले आहे. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याकडे पुणे, सुपे, इंदापूर, बारामती या मुलखाची जहागीर कमीअधिक काळ होती. जहागीर म्हणजे रोख वेतनाऐवजी एखाद्या प्रदेशाचा महसूल वसूल करण्याचा हक्क, आणि त्याच्या मोबदल्यात ठरावीक घोडदळ बाळगून बोलावणे येताच हजर होण्याची जबाबदारी. 1624 साली भातवडीच्या लढाईत निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तेथे कामी आले. त्यानंतर थोड्याच काळात मलिक अंबरशी बिनसल्याने शहाजीराजे आदिलशाहीत गेले आणि अंबरच्या मृत्यूनंतर निजामशाहीत परतले. 1629 मध्ये त्यांचे सासरे लखुजी जाधवराव यांची निजामशहाच्या दरबारातच मुलांसह हत्या झाली, तेव्हा त्यांनी मोगलांची मनसब पत्करली. पुढे त्यांना दिलेला काही मुलूख मोगलांनी मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याच्याकडे वळवताच त्यांनी मोगलांनाही सोडले. 1633 मध्ये तर ज्या घराण्याच्या दरबारात सासऱ्याचे रक्त सांडले होते, त्याच निजामशाही घराण्यातील एका बालकाला त्यांनी पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने 1636 पर्यंत मोगलांशी, आणि शेवटी विजापूरच्या आदिलशाहीशीही, झुंज दिली.

ही हकिगत कादंबरीच्या नजरेने वाचली तर भंगलेल्या निष्ठांची एक मालिका डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु दरवेळी सेवा सोडणे ज्यामुळे शक्य झाले ती गोष्ट मनातल्या संतापापेक्षा वेगळी होती. दख्खनच्या फौजांत बारगीर आणि शिलेदार असे घोडेस्वारांचे दोन वर्ग असत. बारगिराला घोडा सरकारी किंवा सरदाराच्या पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. तलवारबाजीत दोघे बरोबरीचे असले तरी धन्यावरचा विश्वास उडाल्यावर दोघांची स्थिती सारखी राहत नसे, कारण बारगीर नोकरी सोडून निघाला तर पायी निघे आणि शिलेदार निघाला तर आपली किंमत सोबत घेऊन निघे. शहाजीराजांसारख्या मोठ्या सरदाराजवळ तर भाऊबंदांचे जाळे, हजारो घोडी आणि त्यांना पोसणाऱ्या परगण्यांचा महसूल होता. भ्रमनिरास कोणालाही होऊ शकतो, पण त्यानुसार वागायला भांडवल लागते, असा याचा सरळ अर्थ आहे. म्हणूनच योद्ध्याच्या वर्णनात क्षमता आणि स्वभाव यांच्या जोडीला तिसरा रकाना हवा, आणि त्यात त्याचे देणेघेणे लिहायला हवे: घोडा कोणाचा, दाणागोटा कोणाचा, सनद कोणाच्या शिक्क्याची.

शहाजीराजांच्या मनात या काळात काय चालले होते हे कागदपत्रे फारसे सांगत नाहीत, कारण त्यांत कृती नोंदल्या जातात, मनाची घालमेल नाही. ती घालमेल मराठीत सविस्तर उतरली ती दीड शतकानंतर बारामतीत, कऱ्हा नदीच्या काठी, आणि तीही पुराणकथेच्या आडोशाने. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (1729–1794) बारामतीच्या बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयास राहिले आणि तेथेच त्यांनी संपूर्ण महाभारत आर्या वृत्तात आणले. भ्रमनिरास झालेल्या योद्ध्यांचे या महाकाव्याइतके मोठे दालन दुसरीकडे क्वचितच सापडेल. भीष्म युद्धारंभी युधिष्ठिराला सांगतात की माणूस अर्थाचा दास असतो आणि कौरवांच्या अन्नाने आपण बांधले गेलो आहोत. न्याय कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक असूनही ते दुसऱ्या बाजूने लढतात. कर्णाला जन्माचे रहस्य युद्धापूर्वीच कळते, पराभव अटळ आहे हेही तो जाणतो, तरीही दुर्योधनाला सोडत नाही. त्याच्या क्षमतांचे काय होते हे विशेष पाहण्यासारखे आहे: कवचकुंडले इंद्र मागून नेतो, परशुरामांच्या शापामुळे ऐन वेळी अस्त्रविद्या आठवत नाही, आणि रथाचे चाक भूमी गिळते. ज्यांच्याकडून सामर्थ्य आले किंवा ज्यांचे काही देणे लागत होते, त्यांनी ते एकेक करून परत घेतले, आणि आकड्यांत मांडता येईल असे कसब त्याच्यापाशी शेवटी उरलेच नाही. उरला तो स्वभाव, आणि तोही ऋणानेच घडलेला.

या काव्याचा आश्रयदाताही ऋणाच्या व्यवहारात मुरलेला होता, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. बाबूजी नाईक सावकार होते, पेशव्यांना त्यांचे कर्ज होते, आणि 1740 मध्ये पहिल्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने त्यांनी पेशवेपदावरच हक्क सांगितला होता. ते पद त्यांना मिळाले नाही. शहाजीराजांच्या बाबतीतही, निजामशाहीचा डाव 1636 मध्ये माहुली किल्ल्यावर संपल्यावर आदिलशाही चाकरीतील बंगळूरच्या वास्तव्यात जयराम पिंड्ये यांच्यासारखे कवी त्यांच्याभोवती जमले. सत्तेचा मोठा बेत फसल्यावर हाती उरलेले सामर्थ्य विद्येकडे आणि वस्तीकडे वळवणे हा दख्खनी भ्रमनिरासाचा एक परिचित मार्ग दिसतो. त्या मानाने पाश्चात्त्य कथेतील डॉन क्विझोट अंथरुणाला खिळलेला असतानाच श्रद्धा सोडतो आणि लगेच मरतो; त्याच्या उत्तरायुष्याला लेखक सर्व्हांतेसने, जो स्वतः 1571 च्या लेपांतोच्या लढाईत डावा हात कायमचा निकामी झालेला सैनिक होता, जागाच ठेवली नाही.

तरीही योद्ध्याचे उत्तरायुष्य शोभिवंत दिसते म्हणून त्याच्या भ्रमनिरासाला उदात्त ठरवण्याची घाई करता येत नाही. सरदाराने धनी बदलला की जुन्या धन्याची फौज त्याच्या जहागिरीवर चालून येई. 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून उद्ध्वस्त केले, आणि त्याच सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. उजाड गावे पुन्हा लावण्यासाठी पहिली वर्षे सारा अगदी कमी ठेवून तो टप्प्याटप्प्याने वाढवण्याची सवलत द्यावी लागे. तिला इस्तावा म्हणत. कल्पित कथेतील योद्धा आपला स्वप्नभंग एकट्याच्या छातीत वागवतो, परंतु परगण्यांच्या जगात तो हजारो कुळांवर वाटला जाई, आणि ती कुळे बारगिराइतकीही मोकळी नसत, कारण शेत सोबत घेऊन निघता येत नाही. म्हणून अशा पात्राची पारख करताना त्याने कोणावरचा विश्वास गमावला एवढेच विचारून भागत नाही. त्याच्या बदललेल्या निष्ठेचा सारा कोणत्या गावांनी भरला आणि ती गावे पुन्हा वसवण्याची जबाबदारी त्याने उचलली की नाही, हेही विचारावे लागते.