निवृत्तिवेतनाचे देणे नेमके केव्हाचे?

अर्थसंकल्पाच्या दिवसांत निवृत्तिवेतनाचा उल्लेख हल्ली ‘तिजोरीवरचा बोजा’ असाच होतो, आणि मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातील कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा विकासकामांचा पैसा निवृत्तांकडे वळणार, ही तक्रार सर्रास ऐकू आली. या तक्रारीत खर्चाचा आकडा खरा असला तरी त्याचा काळ चुकतो, कारण सेवा घेताना अंगावर आलेले देणे ती फेडीच्या दिवशी नव्याने उद्भवलेले मानते.

निवृत्तिवेतन ही सत्ताधाऱ्याची मेहेरबानी होती, तो काळ बुऱ्हाणपूरच्या परिसराला परका नाही. जून 1818 मध्ये पेशवा दुसरा बाजीराव तेथील असीरगडाजवळ ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला व त्याला सालीना आठ लाख रुपये निवृत्तिवेतन ठरले. 1851 मध्ये तो वारल्यावर कंपनीने ते त्याचे दत्तकपुत्र नानासाहेब यांना नाकारले. 1871 च्या पेन्शन कायद्याने अशा दाव्यांना दिवाणी न्यायालयाचे दार जवळजवळ बंद केले. बरोबर शंभर वर्षांनी, देवकीनंदन प्रसाद खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतनाला मालमत्ता मानले आणि 1982 च्या डी. एस. नकारा खटल्याच्या निकालात, यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, ते पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला असल्याचे सांगितले. येथवर फारसा वाद नाही.

गैरसमज आहे तो पुढच्या वळणाविषयी. केंद्राने 1 जानेवारी 2004 नंतर, मध्य प्रदेशाने 1 जानेवारी 2005 नंतर आणि महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 नंतर नेमलेल्यांसाठी ‘निश्चित लाभ’, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या निम्म्याची हमी, सोडून ‘निश्चित अंशदान’ स्वीकारले. त्यात कर्मचारी वेतनाचे दहा टक्के दरमहा भरतो, शासन आपला वाटा घालते आणि हाती काय येईल ते गुंतवणुकीवर ठरते. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्यात 2005 च्या पावसाळ्यात रुजू झालेला शासकीय कर्मचारी त्यामुळे नव्या योजनेत गेला, तर सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या रावेरला त्याच आठवड्यात रुजू झालेल्याची जुनी पेन्शन कायम राहिली. हक्क नेमणुकीच्या तारखेलाच ठरतो, याची याहून उघड साक्ष नाही.

हा बदल खर्च वाचवण्यासाठी झाला असे दोन्ही बाजू धरून चालतात. वस्तुतः सुरुवातीच्या दशकांत त्याने खर्च वाढवला, कारण जुन्यांचे निवृत्तिवेतन आणि नव्यांचे अंशदान शासनाला एकाच वेळी द्यावे लागले. जुन्या पद्धतीत निधी बाजूला काढलाच जात नव्हता. नव्या पद्धतीने देणे सेवेच्या महिन्यातच हिशेबात आणले, आणि हीच तिची मोलाची बाजू होती. बाजाराची जोखीम मात्र एकट्या कर्मचाऱ्यावर टाकली, हा अन्याय होता. या दोन गोष्टी अविभाज्य नाहीत, हे 1 एप्रिल 2025 पासूनच्या केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेत दिसते: अंशदान चालू राहते आणि पंचवीस वर्षांच्या सेवेला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमीही मिळते.

तरीही राज्यांचा कल देणे फेडण्याची तारीख पुढे ढकलण्याकडे आहे. मध्य प्रदेशाने 2018 मध्ये निवृत्तीचे वय 60 वरून 62 केल्याने ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचा पैसा दोन वर्षे लांबला. राजस्थान व हिमाचल प्रदेश यांनी जुनी योजना परत आणली तेव्हा अंशदान थांबून चालू वर्षे हलकी झाली, आणि नव्या सहस्रकात नेमलेल्यांचे देणे ते निवृत्त होतील त्या वर्षांच्या करदात्यांवर, मागे कोणताही निधी न ठेवता, सोपवले गेले.