गिअरबॉक्सचे दात

इंजिनाचं ऑईल कमी पडलं तर गाडी दिवा लावून सांगते. डिझेल संपत आलं की काटा खाली बसतो. टायरमधली हवा गेली तर डोळ्यांना दिसतं. गिअरबॉक्स मात्र मुका. आमच्या पिकअपच्या गिअरबॉक्सला दिवा नाही, काटा नाही, तेल बघायची कांडीसुद्धा नाही. आतलं तेल जळत नाही, संपत नाही. कुठं पाझर नसला तर भरलं तेवढंच वर्षानुवर्षं राहतं. तेवढंच राहतं, पण तसंच राहत नाही. दातावर दात घासून लोखंडाचं पीठ त्यात मिसळत जातं, तेलाचा चिवटपणा उतरतो, आणि वरून कुणाला काही कळत नाही. म्हणूनच आमच्या सांगोला-आटपाडीच्या डाळिंबाच्या पट्ट्यात पिकअप घरटी झाल्या म्हटलं तरी चालेल, पण गिअरचं तेल वेळेवर बदलणारा माणूस शोधायला लागतो.

खरं तर हे काम घरी होतं. आधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणायची म्हणजे तेल पातळ होतं आणि गाळ तळाला न बसता तेलाबरोबर बाहेर येतो. मी गाडी शेतातल्या कोरड्या चारीवर आडवी घेतो. दोन चाकं या काठावर, दोन त्या काठावर, चारीही सारख्या उंचीवर. चाकांना दगड लावायचे आणि मगच चारीत उतरून खाली जायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये, मग तो कितीही घाईत असो.

गिअरबॉक्सला दोन नट असतात. एक तळाला तेल सोडायचा, एक कडेला वर, भरायचा. नवखा माणूस सरळ तळाचा नट खोलतो. तसं करायचं नाही. आधी वरचा सैल करून बघायचा. तळाचा खोलून सगळं तेल सोडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवर मेली, गॅरेजपर्यंतसुद्धा नेता येत नाही. भरायची वाट मोकळी असल्याची खात्री झाली की मग रिकामं करायचं. तेल निथळायला वेळ द्यायचा, चहा होतो तेवढा. नवा वायसर घालून तळाचा नट बसवायचा आणि वरून ८०-९० नंबरचं तेल औषध फवारायच्या पंपाच्या जुन्या नळीनं आत सोडायचं. वरच्या भोकाच्या काठाशी तेल येऊन सांडायला लागलं की थांबायचं. तेच त्याचं माप.

तळाच्या नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं. तेलात फिरणारं लोखंड त्याला येऊन चिकटतं. नट काढला की त्यावर काजळासारखा राखाडी लगदा असतो, तो बोटानं पुसायचा. तसला लगदा असणारच. घासणाऱ्या वस्तू झिजतात. तेलात पितळेसारखे पिवळे कण चमकले तर ते गिअर जुळवणाऱ्या कड्यांचे असतात, चुंबक त्यांना धरत नाही. भ्यायचं ते बोटाला टोचणाऱ्या तुकड्याला.

मला तो टोचला, आणि नेमका गाडी विकायची ठरल्यावर.

थोरल्यानं नवी गाडी घेतली होती. जुनीला गिऱ्हाईक आलं होतं. शेजारच्या गावचा पंचविशीतला पोरगा, शेतकऱ्यांच्या बांधावरून भाजी उचलून बाजारात नेण्याचा धंदा नुकताच सुरू केलेला. गाडी चालवून बघून, पसंत करून गेला होता. पैशाची जुळणी करून आठवड्यात येतो म्हणाला. मी पाने काढले तेव्हा थोरला म्हणाला, "दादा, विकायचीच हाय न्हवं, मग कशाला खाली शिरताय?" मी म्हटलं, किलोमीटर भरलेत. विकायच्या बैलालाही आपण आदल्या रात्री पेंड घालतोच की.

नट काढला, लगदा पुसला आणि तांदळाच्या कणीएवढा लोखंडाचा तुकडा हातात आला. एक बाजू गुळगुळीत, एक बाजू फुटलेली. दाताचा टवका. तालुक्याच्या मिस्त्रीला दाखवला. तो म्हणाला, कधीतरी जोरात गिअर पडला असेल तेव्हाचा असेल. पाच वर्षं काही होणार नाही किंवा पुढच्याच महिन्यात दुसरा दात जाईल. खोलल्याशिवाय देवाला ठाऊक.

घरी आलो तर थोरल्यानं मला एकच वाक्य ऐकवलं. "उघडलंच नसतं तर तुम्हाला कळलं असतं का? मग जे माहीत न्हाई ते सांगायचा प्रश्नच आला नसता."

पोरगं लबाड नाही. त्याचं म्हणणं मी टाकून देऊ शकलो नाही, कारण त्यात बळ आहे. गाडी चार दिवस आधी गेली असती तर तो तुकडा तसाच आत असता, गाडी तीच असती, किंमत तीच असती आणि मी निर्मळ असतो. मग गाडीत फरक काय पडला? काहीच नाही. फरक पडला तो माझ्यात. आणि माझ्यात पडलेल्या फरकाचे पैसे मी का भरायचे?

यावर मी बरेच दिवस घोळत राहिलो. माझे वडील बैलांचे शौकीन. सांगोल्याच्या रविवारच्या बाजाराला त्यांच्याबरोबर मी कितीदा गेलो असेन. तिथं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. वडिलांचा नेम असा होता, की विचारलं तर खोटं सांगायचं नाही, आणि विचारलं नाही तर आपण होऊन तोंड उघडायचं नाही. बैल औतात बसतो का, असं कुणी विचारलं तर ते सांगायचे, बसतो. नाही विचारलं तर गप्प. त्यांच्या नेमाला गावात कुणी नावं ठेवली नाहीत, मीही ठेवत नाही. कारण त्या बाजारात बैलाचं तोंड उघडं होतं. घेणारा जबडा फाकवून बघायचा, दोनदाती आहे का चारदाती, का जुळलाय. खांदा दाबायचा, खूर उचलायचा, चार पावलं चालवायचा, पाहिजे तर औताला जुंपून बघायचा. विकणाऱ्याला जे दिसत होतं ते बहुतेक घेणाऱ्यालाही दिसत होतं. दोघांची नजर सारखी तयार. अशा ठिकाणी गप्प बसणं ही लबाडी नव्हती, तो बाजाराचा खेळ होता आणि दोघांनाही खेळता येत होता.

गिअरबॉक्सला कोण जबडा फाकवणार? त्या पोरानं गाडी चालवून बघितली म्हणजे बाहेरून पाठ थोपटली. दात बघायला त्याला वाटच नव्हती. वाट फक्त मला होती, आणि मी त्या वाटेनं जाऊन आलो होतो.

गंमत म्हणजे कायदा वडिलांच्या बाजूनं निघाला. ओळखीच्या एका वकिलांनी मला करार कायदा उघडून दाखवला. १८७२ चा आहे, अजून चालतो. त्याचं १७ वं कलम सांगतं, नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. खाली उदाहरण घोड्याचं आहे. घोडा धड नाही हे माहीत असून एकानं तो लिलावात विकला आणि काही बोलला नाही, तर ती फसवणूक होत नाही. मी म्हटलं, झालं, सुटलो. पण वकील म्हणाले, पुढचं वाचा. घेणारी जर विकणाऱ्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर नात्यामुळं सांगणं त्याच्यावर बांधील आहे. आणि घेणारा जर म्हणाला, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असं मी धरतो, तर तिथं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच.

दीडशे वर्षांपूर्वी ज्यानं हे लिहिलं त्याला बाजार माहीत होता. पण मला ती मुलगी सुटेना. मुलीला सांगायचं आणि परक्याला नाही, म्हणजे घोडा अधू आहे हे सांगण्यासारखं असतं, हे कायद्यालाही कबूल आहे. फक्त किती लांबच्या माणसापर्यंत, एवढाच प्रश्न. शेजारच्या गावचा, कर्ज काढून गाडी घेणारा पोरगा किती लांबचा?

याच सुमाराला माझ्या पुतण्याचा फोन आला. तो अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडं मोठी पिकअप आहे, आपोआप गिअर बदलणारी. त्याचं तेल तो घरासमोर स्वतःच बदलतो. त्या गाडीत तेल नुसतं वंगण नसतं. तेलाच्याच दाबावर गिअर पडतो, इंजिनाची ताकदही तेलातूनच पुढं जाते. नवं असताना ते लालभडक असतं, खराब झालं की तपकिरी होतं, जळकट वास येतो. तळाची परात उतरवली तरी निम्मं तेल आतच अडकून राहतं. तिथंही परातीत चुंबक असतं. तो म्हणाला, "काका, इथले कितीतरी मेकॅनिक जुन्या गाडीच्या तेलाला हातच लावू नका म्हणतात. झिजलेल्या क्लचप्लेटीचा चुरा तेलात असतो, त्याच्यावरच गाडी कशीबशी पकड धरून असते. नवं तेल घातलं की घसरायला लागते आणि बदलणाऱ्यावर नाव येतं. काही गाड्यांना तर कांडीच ठेवली नाही, कंपनी म्हणते जन्मभराचं तेल आहे."

मी विचारलं, जन्मभर म्हणजे कुणाच्या? तो हसला.

म्हणजे न उघडण्याची बाजू साता समुद्रापलीकडंही तीच आहे. हात लावला नाही तर दोष नाही. पण त्यात एक गोष्ट मला वेगळी काढावीशी वाटते. ज्याला कसली शंकाच नाही त्यानं न बघणं वेगळं, आणि काहीतरी दिसेल म्हणून न बघणं वेगळं. थोरला मला दुसरं सांगत होता. दिसेल या भीतीनं ज्यानं नट खोलला नाही, त्याला अर्धं आधीच दिसलेलं असतं. डोळा मिटायचा तर कुठं बघायचं नाही हे आधी माहीत असावं लागतं.

पोरगा पैसे घेऊन आला तेव्हा मी कागदात गुंडाळलेला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. मिस्त्री म्हणाला ते सगळं सांगितलं, वर २५ हजार कमी करतो म्हटलं. त्यानं तुकडा उलटासुलटा बघितला, माझ्याकडं बघितलं. चहा घेतला. घरी विचारून येतो म्हणाला आणि परत आला नाही. नंतर कानावर आलं, तो म्हणत होता, "म्हातारा एवढं सांगतोय म्हंजी आत अजून काय काय असंल." त्यानं दुसरीकडून गाडी घेतली. तिच्या गिअरबॉक्समध्ये काय आहे हे कुणी बघितलेलं नाही, त्यामुळं ती निर्दोष आहे.

आमची गाडी शेवटी जुन्या गाड्यांच्या एका एजंटनं नेली. त्याच्यापुढं मी कागदाची पुडी उघडायला लागलो तसा तो खुर्चीवरून उठलाच. "तात्या, मला सांगूच नका. मला माहीत झालं तर मला पुढं सांगाया लागंल." त्याच्या मनात पाप होतं असं मला वाटत नाही. धंद्याची शिस्त होती ती. कारागीर माणूस जसा आगीपासून हात लांब ठेवतो तसा तो माहितीपासून कान लांब ठेवत होता. मी म्हटलं, कान झाका, मी लिहून ठेवतो. गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत तारीख घातली, किलोमीटर घातले, तेल बदललं, तळाच्या नटाला दाताचा टवका मिळाला, असं लिहून सही केली आणि वही कागदपत्रांबरोबर डिकीत ठेवली. त्यानं पान फाडलं का ठेवलं मला ठाऊक नाही. बायको म्हणाली, "तुमचं मन मोकळं झालं, पण गाडी कुणाच्या तरी गळ्यात पडलीच न्हवं?" त्यावर माझ्याकडं अजून उत्तर नाही. मी माझ्यापुरतं झाकण उघडं ठेवलं, पण बाजाराला झाकणं लावायची सवय आहे.

त्या दिवशीचं जुनं तेल, दोनेक लिटर, कॅनमध्ये भरून गोठ्याच्या वळचणीला ठेवलं होतं. पूर्वी लोक असलं तेल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासायचे, उरलेलं ओढ्याला ओतायचे. ओढ्याच्या खाली आमची विहीर आहे आणि विहिरीच्या खाली दुसऱ्यांची. सरकारच्या २०१६ च्या नियमांत हे घातक कचऱ्यात मोडतं. पुतण्या म्हणतो तिकडं स्पेअर पार्टच्या दुकानातच ते फुकट परत घेतात. आमच्याकडं भंगारवाला येतो, लिटरमागं चार पैसेही देतो. परवा तो आला तेव्हा मी विचारलं, हे तू नेतोस कुठं? म्हणाला, पुढं देतो. पुढं म्हणजे? भट्टीवाल्याला. कुठल्या भट्टीवाल्याला, तो त्याचं काय करतो? त्यानं काटा उचलला, दोरी गुंडाळली. "तात्या, तुम्हाला इकायचंय का माझी उलटतपासणी घ्यायचीय?"

कॅन अजून वळचणीलाच आहे.