समाजसेवेसाठी परदेशगमन आणि माता-पित्यांचा हक्क



रोजीरोटीसाठी घर सोडणे आपल्या समाजाला नवे नाही. रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या गावांतील माणसे पिढ्यानपिढ्या जहाजांवर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोकणी मुसलमानांची घरे दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनमध्ये उभी राहिली आणि १९७० नंतर कुवेत, दुबई व सौदी अरबकडे ओघ वाढला. हे सारे जाणे कमाईसाठी होते, आणि कोणी ते लपवीत नसे. गावाकडे पैसा आला, पक्की घरे झाली, मशिदींचे जीर्णोद्धार झाले. आणि पुष्कळ मोठ्या घरांत शेवटी एक म्हातारी आणि एक कुलूपांचा जुडगा एवढेच उरले.

आता या परंपरेत एक नवी वाट मिळाली आहे. मुंबईची १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था अशा ठिकाणी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली मुले-मुली ब्रिटनमध्ये ‘सोशल वर्कर’ म्हणून जाऊ पाहतात. या वाटेला ‘सेवा’ हा शब्द जोडलेला आहे, म्हणून तिच्यासंबंधी विचारला जाणारा प्रश्नही वेगळा आहे. दुबईला जाणाऱ्या फिटरला कोणी विचारत नाही की तू कोणाची सेवा करायला चाललास. समाजसेवकाला मात्र हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याने तो स्वतःलाही विचारला पाहिजे.

प्रथम हे काम काय आहे ते नीट समजून घेऊ. ब्रिटनमधील सोशल वर्कर म्हणजे ब्लँकेटे वाटणारा किंवा शिबिरे भरवणारा कार्यकर्ता नव्हे. ती कायद्याने संरक्षित पदवी आहे. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेकडे नाव नोंदवल्याशिवाय कोणालाही स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही आणि ही नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. कामाच्या दोन मोठ्या शाखा आहेत: एक मुले व कुटुंबे यांची, दुसरी प्रौढांची. प्रौढांच्या शाखेतील काम बहुतांशी २०१४ च्या ‘केअर ॲक्ट’नुसार चालते. सोशल वर्कर एखाद्या वृद्धेच्या घरी जातो. तिला स्वतः आंघोळ करता येते का, चूल-शेगडी सांभाळता येते का, औषधे वेळेवर घेतली जातात का, ती घराबाहेर पडते का, तिच्याशी बोलायला कोणी येते का, आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला काय हवे आहे, हे तो विचारतो व लिहून घेतो. त्यावरून स्थानिक प्रशासन तिला कोणती मदत द्यायची ते ठरवते.

येथे एक सावधगिरीची सूचना. ‘केअर वर्कर’ हे काम वेगळे आहे. आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे हे केअर वर्करचे काम. ते अत्यंत सन्माननीय आहे, पण त्याचा व्हिसा, पगार व पात्रता निराळी. आणि जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरती ब्रिटनने बंद केली आहे. दोन्ही शब्दांची सरमिसळ करून लाखो रुपये मागणारे दलाल आपल्याकडे फिरत असतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

आता आक्षेपांकडे वळू. आपल्या बैठकांतून पहिला आक्षेप ऐकू येतो तो पगाराचा: पैसे घेऊन केलेली सेवा ही सेवा कशी? हा आक्षेप पवित्र कुरआनच्या शिकवणीसमोर टिकत नाही. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ वाटेकरी सांगितले आहेत, त्यांत जकात गोळा करून तिची व्यवस्था पाहणारे कर्मचारीही आहेत. गरिबांसाठी राबणाऱ्याचा मोबदला खुद्द जकातीच्या निधीतून देण्याची सोय ज्या धर्माने केली, त्या धर्माचे अनुयायी समाजसेवकाच्या पगाराकडे संशयाने पाहतात, हे नवलच म्हणायचे.

दुसरा आक्षेप असा की, ही सेवा परक्यांची आणि परक्या राज्याची आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्यालाही अल्लाहने क्षमा केल्याची हदीस आपल्या मुलांना पाठ असते. मग माणसाच्या बाबतीत आपण धर्म का विचारतो? हजरत यूसुफ (अ.) यांनी आपल्या धर्माच्या नसलेल्या राजाकडे स्वतःहून अन्नभांडारांची जबाबदारी मागितली आणि दुष्काळात इजिप्तच नव्हे, तर शेजारचे प्रदेशही जगवले. या मुद्द्यावर याहून अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. आपल्या मोहल्ल्यांत शाळा सोडणारी मुले, नशेत बुडालेले तरुण, टाकलेल्या स्त्रिया असताना शिकलेला समाजसेवक लंडनला का जातो? अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना जकातीविषयी सांगितले होते की ती तेथील धनिकांकडून घेऊन तेथील गरिबांना द्यावी. जवळच्यांचा हक्क आधी, हे यातून स्पष्ट होते. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांनी स्वतःलाही एक गोष्ट विचारावी. आपल्या किती अंजुमनांनी, किती मशिदींच्या ट्रस्टींनी प्रशिक्षित समाजसेवकाला पूर्ण वेळ, सन्मानाच्या वेतनावर नेमले आहे? जलशाच्या मंडपाला पैसा उभा राहतो. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मुलीला मात्र ‘सवाबचे काम आहे’ असे सांगून फुकट राबायला बोलावले जाते. सामूहिक कर्तव्यात समाजाने कसूर करायची आणि त्याचे ओझे एकट्या तरुणाच्या मानेवर ठेवायचे, हा न्याय नव्हे.

मग जाण्याच्या आड खरोखर येणारे काय आहे? माझ्या मते एकच गोष्ट, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते: घरातील वृद्ध आई-वडील.

सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहच्या उपासनेच्या आज्ञेला लागूनच माता-पित्यांशी सद्वर्तनाची आज्ञा येते. त्यांच्यासमोर ‘उफ्’ देखील काढू नये, हे आपण वारंवार ऐकतो. परंतु त्याच आयतीत एक छोटा शब्द आहे, ज्यावर आपली नजर सहसा थांबत नाही. माता-पित्यांपैकी एक किंवा दोघेही ‘तुझ्याजवळ’ वृद्धावस्थेला पोहोचले तर, असे तेथे म्हटले आहे. अरबीत ‘इंदक’. त्यांचे म्हातारपण मुलाच्या सान्निध्यात येईल, हे या आज्ञेत गृहीतच धरलेले आहे. ‘उफ्’ न काढण्याचा प्रश्नही सान्निध्यातच उद्भवतो. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर गोड बोलणे कोणालाही जमते. रात्री तिसऱ्यांदा हाक आल्यावर गोड बोलणे ही परीक्षा आहे.

हदीसच्या संग्रहांत या संदर्भातील एक प्रसंग आहे. एक मनुष्य प्रेषितांकडे (स.) हिजरतीची प्रतिज्ञा घ्यायला आला आणि म्हणाला की मी आई-वडिलांना रडत सोडून आलो आहे. त्याला सांगण्यात आले की परत जा आणि जसे त्यांना रडवलेस तसे हसव. विचार करा. ती हिजरत होती, खुद्द प्रेषितांच्या (स.) सहवासासाठी. तिच्याहून आपले व्हिसाचे कागद मोठे असू शकत नाहीत.

याचा अर्थ जाणे निषिद्ध आहे असा कोणी घेऊ नये. हनफी फकीहांनी उपजीविकेच्या प्रवासाबाबत कसोटी घालून दिली आहे ती अशी: मागे आई-वडील निराधार होण्याची भीती नसेल तर जाता येते, ती भीती असेल तर नाही. आणि ज्या घरात कर्जाचा हप्ता व वडिलांच्या डायलिसिसचा खर्च मुलाच्या पगारावरच अवलंबून आहे, तेथे परदेशी जाणे हीच वडिलांची सेवा ठरू शकते. अशा मुलाला कोणी दोष देऊ नये. प्रश्न त्यांचा आहे ज्यांच्या घरी भाकरीची भ्रांत नाही, जे अधिक चांगल्या जीवनासाठी जातात आणि पैसे पाठवले की कर्तव्य संपले असे मानतात.

हजरत उमर (रजि.) रात्री मदीनेबाहेर फिरत असताना चुलीवर नुसत्या पाण्याचे भांडे ठेवून मुलांची समजूत घालणारी आई त्यांना दिसली, हा वृत्तांत सर्वांना ठाऊक आहे. पिठाचे पोते त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतले. सेवकाने ते मागितले तेव्हा, कियामतच्या दिवशी माझे ओझे तू वाहणार आहेस का, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पोते गुलामाच्या पाठीवरूनही तेवढ्याच वेळात पोहोचले असते. काही ओझी पोहोचवण्यापेक्षा स्वतः वाहायची असतात, आणि आईचे म्हातारपण त्यांत मोडते.

‘तेथे स्थिरस्थावर झालो की अम्मी-अब्बांना घेऊन जाईन,’ असे बहुतेक जण म्हणतात आणि मनापासून म्हणतात. परंतु ब्रिटनने जुलै २०१२ पासून वृद्ध पालकांना बोलावून घेण्याचे नियम अतिशय कडक केले आहेत. वार्धक्यामुळे, आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे दैनंदिन कामांसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, आणि मुलाने पैसे पाठवूनही ती मदत स्वदेशात मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. भारतात पैसे देऊन मदतनीस मिळत नाही, हे कोण कसे सिद्ध करणार? हजरत यूसुफ (अ.) यांना आपल्या माता-पित्यांना इजिप्तमध्ये बोलावून सिंहासनावर बसवता आले. त्यांच्या वाटेने जाणाऱ्या आजच्या तरुणाच्या हाती ते नाही. म्हणून हे आश्वासन नियम वाचल्याशिवाय देऊ नये. म्हाताऱ्या जीवाला खोट्या आशेवर ठेवणे हीदेखील एक प्रकारची वचनभंगाची सुरुवात आहे.

आणखी एक अन्याय उघड बोलायला हवा. मुलगा जातो तेव्हा सेवा थांबत नाही, ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. बहुधा सुनेच्या, किंवा जवळच्या गावात दिलेल्या बहिणीच्या. शरीअतने माता-पित्यांच्या सेवेची जबाबदारी त्यांच्या मुलांवर टाकली आहे. सून करते ते तिचे सौजन्य आहे, तिच्यावरचे कर्ज नव्हे. पण आपल्याकडे पाउंड पाठवणाऱ्याचे नाव जमातीत घेतले जाते आणि सासूची पाठ पुसणारीचे कोणी घेत नाही. परदेशी असलेल्या भावाने बहिणीला पैसे पाठवले तर ते ‘मदत’ म्हणून नव्हे, तिच्या वेळेची व श्रमाची जाण ठेवून, आणि तिने न मागता पाठवले पाहिजेत.

आता परवानगीविषयी. ‘अम्मीने खुशीने जायला सांगितले,’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की त्यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते. आई ‘जा’ म्हणतेच. मुलाचे डोळे चमकताना पाहून ती दुसरे काय म्हणणार? तिने होकार दिला यापेक्षा तिला नकार देता आला असता का, हे महत्त्वाचे आहे.

आणि येथे या पेशाचे शिक्षणच उपयोगी पडते. मी वर ज्या कायद्याचा उल्लेख केला, त्यात वृद्ध व्यक्तीला आपले म्हणणे मांडणे फार कठीण जात असेल आणि तिच्या बाजूने बोलणारे योग्य असे कोणी नसेल, तर तिला एक स्वतंत्र प्रतिनिधी मिळवून देणे प्रशासनाला बंधनकारक आहे. एवढेच नव्हे, घरात तिची काळजी घेणाऱ्या व्यक्तीचीही वेगळी विचारपूस करावी लागते: हे काम तुम्हाला झेपते का, पुढेही करायची तुमची इच्छा आहे का? मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅममधील अनोळखी वृद्धेला जो तरुण हे प्रश्न विचारणार आहे, त्याने ते आधी आपल्या घरात विचारलेले असावेत. रात्री पाय घसरून पडलात तर प्रथम कोण येईल? चिपळूणच्या दवाखान्यात कोण नेईल? बँकेत सही कोण करेल? फजरच्या वजूला पाणी कोण गरम करून देईल? भावजयीला वेगळे विचारावे, बहिणीला वेगळे.

आईला मात्र मुलाने स्वतः विचारू नये. खालाने किंवा मामूने विचारावे, आणि आपण त्या वेळी घरात नसावे. उत्तर यायला दोन-चार दिवस लागले तर लागू द्यावेत. नोकरीच्या पत्राची मुदत बहुधा त्याहून अधिक असते.