काडी कोणी ओढली?

कोणी खाली बसायचं नाही. हजेरी नंतर घेईन.

काल दुपारी डोंगरावर काडी कोणी ओढली ते मला ठाऊक आहे. नाव मी घेणार नाही. ज्याने ओढली त्याने मधल्या सुट्टीत आपल्या पायांनी माझ्यासमोर यायचं. पण बोलणी सगळ्यांनी खायची आहेत, कारण बघत उभे राहिलात तुम्ही आणि भडकल्यावर पळालातही तुम्हीच.

घरी म्हणे 'गंमत केली' असं सांगितलंत. फाल्गुनातलं गवत कसं असतं, हे डोंगराखाली वाढलेल्या पोरांना मी शिकवायचं? कुसळी वाळून कोळ झाली आहे. दुपारी खोऱ्यातून वारा वर चढतो आणि आगही चढाकडेच धावते, कारण ज्वाळेची धग वरचं गवत आधीच तापवून ठेवते. चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत, थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली धडधाकट माणसं वणव्यात सापडली. वीसहून जास्त जीव गेले. तुम्ही काल वरच्या अंगाला पळाला असतात, तर आज मी कोणाच्या आईसमोर जाऊन उभा राहिलो असतो?

आणि 'जाळल्यावर गवत चांगलं येतं' हे मला ऐकवू नका. ज्या आजोबांनी सांगितलं त्यांचा मान राखून सांगतो, हे खरं नाही. कोंब लवकर दिसतात, एवढंच. वर्षानुवर्षं जाळलेल्या डोंगरावर मारवेल आणि पवना मागे हटतात, कुसळी माजते, आणि तिला कुसळं धरली की जनावर तोंड लावत नाही. उघडी पडलेली माती पहिल्या वळवात ओढ्याला जाते ती वेगळीच.

गेल्या पावसाळ्यात आपण लावलेली रोपं सकाळी बघून आलो. करंजाच्या रोपाला पाण्यासाठी बांधलेली बाटली वितळून खोडाला चिकटली आहे. नखाने साल खरवडली, आत हिरवं काही नाही. दोन पावलांवर एक घोरपड मेलेली आहे. डोकं बिळात, बाकीचं अंग बाहेर. तिला एवढंच अंतर कमी पडलं.

वनमजुरांनी थंडीतच जाळरेषा काढली होती. वाऱ्याने ठिणगी तिच्यावरून पलीकडे नेली. मग ती माणसं मध्यरात्रीपर्यंत ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होती. एकाच्या तळपायाला फोड आले आहेत. त्याची मुलगी याच वर्गात शिकते. तिच्याकडे बघा. खाली माना घालू नका, बघा.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली, सांगू? तुमच्या खिशात मोबाईल होते. त्यावर व्हिडिओ काढलात, स्टेटसला ठेवलात. वनखात्याचा १९२६ हा नंबर मात्र एकालाही लावावासा वाटला नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे. जंगलात गुरं चारायचा ज्याला हक्क आहे, त्याने आगीची खबर द्यायची आणि विझवायला हात लावायचा, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. तुमच्या घरची गुरं कुठे चरतात?

स्टेटस आत्ता काढा, माझ्यासमोर. उद्या सकाळी सातला, वारा सुटायच्या आत, प्रत्येकाने पाण्याची कळशी घेऊन डोंगराच्या पायथ्याशी हजर राहायचं. जी रोपं मुळाशी जिवंत असतील ती शोधायची आहेत. माचिस ज्याच्या दप्तरात असेल त्याने ती टेबलावर आणून ठेवावी.