पंचवीस लाखांत एक

२५,८५,०४९. ही २०११ च्या जनगणनेतली बीड जिल्ह्याची लोकसंख्या. आपण ती 'साधारण सव्वीस लाख' म्हणून मोकळे होतो. आज ती जशीच्या तशी बघू.

अंकांची बेरीज करा : २+५+८+५+०+४+९ = ३३. आता मूळ संख्येला ३३ ने भागा. बाकी उरते २७. ज्या संख्येला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला 'हर्षद संख्या' म्हणतात, म्हणजे आनंद देणारी. हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांनी दिलं. बीडची संख्या हर्षद नाही.

तिच्यात एक मिळवा. २५,८५,०५०. अंकांची बेरीज २५. भाग जातो, उत्तर १,०३,४०२, बाकी शून्य. एका माणसाने संख्या हर्षद झाली.

हा योगायोग आहे. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून घडलेला. त्यातून शकुन काढायचा नाही. पण एक प्रश्न मात्र उरतो. टक्केवारीत हा 'एक' मांडायचा तर दशांशचिन्हानंतर आधी चार शून्यं लिहावी लागतात, म्हणजे जवळपास काहीच नाही. पूर्णांकाच्या जगात मात्र त्याच एकाने विषमाची सम होते, भाजक बदलतात, संख्या वेगळीच होते. मग एक माणूस नगण्य असतो की नसतो?

बीडमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. २००१ मध्ये त्या ८९४ होत्या. निसर्गतः मुली थोड्या कमीच जन्मतात, तरी साधारण ९५० असायला हव्यात. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा १९९४ चा. ही घट त्यानंतरची. आणि ती एकदम झाली नाही. प्रत्येक वेळी 'एकच तर' असं म्हणून झाली.

कुणी म्हणेल, शेवटचा ९ तरी खरा कशावरून? बरोबर आहे. गणना फेब्रुवारीत झाली, ऊसतोडीच्या ऐन हंगामात. जे त्या काळात गावी फिरकलेच नाहीत, त्यांची नोंद नियमाप्रमाणे सापडतील तिथे, म्हणजे फडावर व्हायची. म्हणजे बीडची काही माणसं बीडच्या आकड्यात नाहीतच. आकडा चुकू शकतो.

तरीही मोजणाऱ्याने दारोदार जाऊन एकेक नाव लिहायचं असतं. 'सव्वीस लाख धरा' म्हणायची त्याला मुभा नाही. आकडा अचूक असतोच असं नाही, पण कुणालाही गोल करून टाकायचं नाही, हे त्यामागचं वचन आहे. गणितात एकाला नगण्य मानलं तर उत्तर चुकतं. घरात मानलं तर ती चूक दाखवायला बाकीसुद्धा उरत नाही.